मोठेपणी गेमिंग सुरू करताना: कुठला गेम आधी, कुठला नंतर

तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच गेम खेळून बघावासा वाटला की माणूस गेम खेळणाऱ्या ओळखीच्यांना विचारतो, ‘सुरुवात कशाने करू?’ आणि उत्तर देणारा स्वतःला सगळ्यात जास्त आवडलेल्या गेमचं नाव सांगून मोकळा होतो. ‘एल्डन रिंग’ घे, म्हणतो. २०२२ सालचा हा गेम खरोखर अफाट आहे. पण त्यात सोपं-अवघड निवडायची सोय नाही, आणि मोकळ्या माळावर पाऊल टाकताच सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार समोर उभा असतो. नवखा माणूस दोन संध्याकाळी त्याच्याकडून मार खातो, ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणतो आणि कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचं बटणांचं यंत्र, कपाटात ठेवून देतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशा माणसांना गेम आवडले असते. फक्त हातांना आधी थोडं शिकवायला हवं होतं.

वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांना हे शिकणं दिसेनासं होतं. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने मान वळवायची, त्याच वेळी बोटाने एखादं बटण दाबून धरायचं आणि डोळे तिसरीकडेच ठेवायचे, हे सगळं त्यांचे हात आपोआप करतात. सायकल येणाऱ्याला तोल कसा सांभाळायचा ते सांगता येत नाही, तसंच हे. ही कौशल्यं एकेक करूनच येतात, आणि त्यातल्या प्रत्येकासाठी एखादा चांगला गेम आहे. पुढचा क्रम मी त्याच हिशोबाने लावला आहे. हे सगळे गेम मी अलीकडे पुन्हा खेळलो, नवख्या माणसांच्या शेजारी बसून त्यांना खेळताना पाहिलं. ‘फक्त सरावापुरता’ म्हणून यातला एकही निवडलेला नाही.

आधी सामान

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं खास यंत्र, लगेच घेऊ नका. घरात असलेल्या साध्या लॅपटॉपपासून सुरुवात करा. त्यावर ‘स्टीम’ हे गेमचं ऑनलाइन दुकान डाउनलोड करायचं, खातं उघडायचं. किमती रुपयांत दिसतात आणि पैसे यूपीआयने देता येतात. प्रत्येक गेमच्या पानावर खाली ‘मिनिमम’ (किमान लागणारं) आणि ‘रेकमेंडेड’ (असलं तर बरं) अशा दोन याद्या असतात, त्या आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरशी, मेमरीशी आणि ग्राफिक्सशी ताडून बघा. ‘अ शॉर्ट हाइक’, ‘सेलेस्ट’, ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘पोर्टल’ हे हलके गेम आहेत, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही बहुधा चालतील. ‘फायरवॉच’ आणि ‘राजी’ घेण्याआधी मात्र यादी नक्की वाचा.

स्टीमचा परताव्याचा नियम नवख्यांसाठी फार मोलाचा आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. लॅपटॉपवर अडखळतो, डोकं गरगरतं, मुळीच पटला नाही, कुठलंही कारण चालतं. फक्त दीड तासात संपणारा गेम पूर्ण खेळून पैसे परत मागू नका. असे गेम बऱ्याचदा एखादा माणूस किंवा चार-पाच जण मिळून करतात आणि त्यांचं घर त्यावर चालतं. घाई नसेल तर जूनअखेरीचा उन्हाळी सेल आणि डिसेंबरअखेरीचा हिवाळी सेल यांची वाट बघा, यादीतले बरेचसे गेम तेव्हा पुष्कळ स्वस्त मिळतात. एपिक गेम्सच्या दुकानात दर आठवड्याला एखादा गेम फुकट मिळतो, तिथेही खातं उघडून ठेवायला हरकत नाही.

एक कंट्रोलर मात्र घ्याच, वायरवाला साधा चालेल. कीबोर्ड-माउसवर सगळं खेळता येतं, पण नवख्या हाताला कीबोर्डवरची अक्षरं शोधत बसावं लागतं आणि नजर सारखी पडद्यावरून खाली येते.

मोबाईलवरच्या फुकट गेमपासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातले कितीतरी तुम्हाला अडवून, थांबवून, चिडवून काहीतरी विकण्यासाठीच रचलेले असतात. गेम म्हणजे काय याची पहिली ओळख तिथे होऊ नये.

पहिली पायरी: फक्त डावा अंगठा

‘अ शॉर्ट हाइक’ हा २०१९चा गेम कॅनडातल्या अॅडम रॉबिन्सन-यू यांनी केला. क्लेअर नावाचं पाखरू सुट्टीत डोंगराळ बेटावर आपल्या आंटीकडे आलं आहे. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायची आहे आणि रेंज मिळते ती फक्त शिखरावर. बस, एवढीच गोष्ट. मरणं नाही, वेळेची मर्यादा नाही, शत्रू नाहीत.

नवख्यासाठी यातली सगळ्यात मोठी सोय म्हणजे कॅमेरा, म्हणजे आपल्याला जिथून दिसतं ती नजर, स्वतःच फिरतो. डाव्या अंगठ्याने चाला आणि एका बटणाने उडी मारा. हवेत असताना तेच बटण पुन्हा दाबलं की पंख फडफडतात, दाबून धरलं की पाखरू तरंगतं. सोनेरी पिसं जितकी जास्त, तितकं उंच चढता येतं. काही पिसं वाटेत सापडतात, काही नाणी देऊन मिळतात.

खेळताना एक करा: शिखराकडे सरळ जाऊ नका. समुद्रकिनाऱ्याने एक चक्कर मारा, भेटेल त्याच्याशी बोला, कुणाची हरवलेली वस्तू शोधून द्या. हा गेम भटकणाऱ्यालाच सगळं देतो. तुम्ही वर चढत जाता तसं संगीतही हळूहळू बदलत जातं, म्हणून हेडफोन लावा. शिखरावर पोचल्यावर पायवाटेने उतरू नका, उडी मारा आणि तरंगत खाली या. अख्खं बेट पायाखालून जाताना तुम्हाला कळेल की गेल्या दीड तासात आपण यातली प्रत्येक जागा चालून ओळखीची केली आहे. सिनेमात हे होणं शक्य नाही, कारण तिथे चालणारे तुम्ही नसता. मला विचाराल तर लहान गेमांमध्ये याच्याइतका पुरेपूर गेम क्वचितच झाला आहे.

हे बटणांचं प्रकरणच नको वाटत असेल, तर ‘वेन्बा’ने सुरुवात करा. टोरांटोमधल्या विसाई गेम्सने २०२३मध्ये केलेला हा गेम १९८८ साली कॅनडात राहणाऱ्या एका तमिळ जोडप्यापासून सुरू होतो. त्यातल्या बायकोच्या, वेन्बाच्या, आईची पाककृतींची वही फाटलेली, पुसटलेली आहे. उरलेल्या शब्दांवरून पदार्थ कसा जमवायचा ते ओळखायचं, एवढंच कोडं. पहिल्याच कोड्यात इडलीपात्राची ताटं कशी बसवायची ते शोधायचं असतं. मुलगा कविन मोठा होत जातो आणि आईच्या तमिळला इंग्रजीत उत्तरं देऊ लागतो. न्यू जर्सीत, लंडनमध्ये किंवा बंगळुरूतसुद्धा मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांना हे प्रसंग चांगलेच लागतील. माझी एकच तक्रार आहे: गोष्ट वर्षांवर वर्षं ओलांडत पुढे उडी मारते, आणि काही ठिकाणी त्या स्वयंपाकघरात अजून थोडं थांबायला मिळायला हवं होतं.

दुसरी पायरी: मारामारीची तोंडओळख, आणि तीही पुण्याहून

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ इथे घ्या. डोंबाऱ्याचा खेळ करणारी राजी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत राहतात. त्रिशूळ आणि धनुष्य ही शस्त्रं वाटेत मिळत जातात. मधले प्रसंग बाहुल्यांच्या छायाखेळाने दाखवले आहेत, आणि ते फार देखणे आहेत. सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आहेत.

इथेही कॅमेरा तुमच्या हातात नसतो, त्यामुळे नवीन शिकायचं ते एवढंच: समोरचा कधी मारणार ते ओळखायचं, बाजूला व्हायचं, मग मारायचं. राजी खांबाभोवती गिरकी घेऊन किंवा भिंतीवर धावून वार करते. त्या जागा आधी हेरून ठेवल्या की शत्रूंचा घोळका सहज फोडता येतो. नुसतं बटण बडवत राहिलात तर दमाल.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर महाल, तळी, भिंतींवरची चित्रं यांत हा गेम मोठमोठ्यांच्या तोडीचा आहे. मारामारी मात्र उत्तरार्धात तेच ते होऊ लागते, आणि शेवट इतका अचानक येतो की पुढचा भाग आहे की काय असं वाटतं. तरी माझ्या आजीच्या गोष्टींतली माणसं, तीच नावं, तीच शस्त्रं हातात घेऊन खेळताना जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्याही गेमने दिलेला नाही.

तिसरी पायरी: उजवा अंगठा

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून इथे घाई करू नका. पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये चालणं आणि बघणं वेगवेगळ्या अंगठ्यांवर असतं. सुरुवातीला माणूस आधी चालतो, मग थांबतो, मग बघतो, मग पुन्हा चालतो. दोन्ही एकदम करता येईपर्यंत तोंडाने काही म्हटलं तरी डोकं खेळात जात नाही.

यासाठी ‘फायरवॉच’ घ्या. २०१६चा गेम, काळ १९८९चा, जागा अमेरिकेतल्या वायोमिंगचं जंगल. हेन्री वणव्यांवर नजर ठेवायला एका टेहळणी मनोऱ्यात उन्हाळाभर राहायला आला आहे. सोबतीला फक्त वॉकी-टॉकीवरचा डेलायलाचा आवाज. शत्रू एकही नाही, त्यामुळे कितीही चाचपडलात तरी काही बिघडत नाही.

पहिल्या दिवशी गोष्ट थोडी बाजूला ठेवून हा सराव करा. एखादं झाड किंवा मोठा दगड निवडा आणि तो सतत पडद्याच्या मधोमध ठेवत त्याच्याभोवती गोल चाला. आधी डावीकडून, मग उजवीकडून. दोन्ही अंगठे एकमेकांच्या उलट दिशेने हलवावे लागतात. पहिल्यांदा झाड पडद्याबाहेर जाईल, चालता चालता तुम्ही झुडपात घुसाल. पण रोज थोडा वेळ केलंत तर काही दिवसांत अंगठे एकमेकांशी बोलू लागतात, आणि हे जमलं की नंतरचे निम्मेअधिक गेम तुमच्यासाठी उघडतात.

बघण्याचा वेग सेटिंगमधून कमी करा. वर बघताना खाली दिसत असेल तर ‘इन्व्हर्ट’ नावाचा पर्याय उलटा करा. दिशा कुठली बरोबर, हे ज्याचं त्याचं असतं. सबटायटल चालू ठेवा, कारण संवाद इंग्रजीत आणि भरभर आहेत.

गोष्टीबद्दल: शेवटावर अनेकांचे मतभेद आहेत. रहस्य जितकं फुगवलं त्या मानाने उलगडा साधा निघाला, असं कित्येकांना वाटतं. मला तो शेवट पटतो. एकटेपणात माणूस साध्या गोष्टींतून केवढं काय उभं करतो, त्याचीच ही गोष्ट आहे.

गरगरणं हा त्रास खरा आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पडदा हलतो पण शरीर हलत नाही, त्यामुळे काहींना मळमळ होते. खोलीत दिवा लावा, पडद्यापासून जरा लांब बसा, चालताना मान हलण्याचा परिणाम बंद करता येत असेल तर करा, ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ (एका वेळी किती रुंद दिसतं ते) थोडा वाढवा. आणि पहिली शंका येताच थांबा. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणून रेटलंत तर संध्याकाळ जाते.

चौथी पायरी: ‘पोर्टल’

हा एक गेम खेळल्याशिवाय पुढे जाऊ नका, असं मी कुणालाही सांगेन. व्हॉल्व कंपनीचा, २००७चा. हातात एक यंत्र, त्याने भिंतीवर निळं दार उघडायचं आणि दुसरीकडे नारिंगी. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. या एवढ्याशा कल्पनेवर १९ खोल्या आणि त्यानंतरचा बराच मोठा भाग उभा आहे.

शिकवावं कसं, हे या गेमकडून शिकावं. सुरुवातीला दारं आधीच लावलेली असतात, तुम्ही फक्त त्यातून ये-जा करता. मग यंत्र मिळतं, पण त्याने एकच रंगाचं दार उघडता येतं. ते अंगवळणी पडल्यावर दुसरा रंग हाती येतो. पुढे उंचावरून पडण्याचा वेग दारातून पलीकडे जसाच्या तसा जातो हे कळतं, आणि खाली पडून लांब झेप घेता येते. प्रत्येक खोली तुम्हाला एकच नवी गोष्ट सांगते आणि पुढची खोली ती तुम्हाला आली आहे असं धरून चालते. भाषणं नाहीत, तक्ते नाहीत.

अडकलात तर उत्तर शोधायला यूट्यूबवर जाऊ नका. कंट्रोलर खाली ठेवा, खोलीत पांढऱ्या भिंती कुठे कुठे आहेत ते नुसतं बघा. दार जवळपास अशाच भिंतींवर बसतं. तरीही सुटलं नाही तर झोपा, सकाळी बहुतेक वेळा पाच मिनिटांत सुटतं.

पाचवी पायरी: मरायला शिकणं

गेममध्ये मरणं ही माहिती असते, शिक्षा नसते. हे सांगून पटत नाही, ‘सेलेस्ट’ खेळून पटतं. २०१८चा हा गेम. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, आणि चढताना स्वतःच्या भीतीशी, घाबरून श्वास अडकण्याशी तिची गाठ पडते. करायच्या गोष्टी तीन: उडी, भिंत धरणं आणि आठ दिशांतली झेप. झेप हवेत एकदाच मिळते, जमिनीला पाय लागला की परत. दिशांसाठी अंगठ्याखालच्या स्टिकऐवजी डावीकडची फुलीसारखी चार बटणं वापरून बघा, तिरकी झेप नेमकी लागते.

बऱ्याच खोल्या पडद्याएवढ्याच. मेलात की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच त्याच खोलीच्या सुरुवातीला उभे. कितीदा मेलात ते गेम मोजतो, आणि त्या आकड्याचा अभिमान बाळगा असंही सांगतो. स्ट्रॉबेरी दिसतील, त्या सगळ्या गोळा करायच्या नादी लागू नका. त्यांच्यावाचून काहीही अडत नाही.

आणि ‘असिस्ट मोड’, म्हणजे गेम हवा तितका सोपा करायची सोय, वापरा. मेनूत तो उघड ठेवला आहे. माझा सल्ला असा: आधी फक्त गेमचा वेग थोडा कमी करा. तरी अडलं तर भिंत धरण्याची ताकद अमर्याद करा. मग जास्तीच्या झेपा. अजिबात न मरण्याचा पर्याय अगदी शेवटी, तोही एखाद्या खोलीपुरता. असं केल्याने गेम ‘खरा’ खेळला नाही असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. करणाऱ्यांनी स्वतःच ही सोय दिली आहे, कारण गोष्ट शिखरापर्यंत पोचावी असं त्यांना वाटत होतं.

हे पचलं की ‘हेडीस’ घ्या. २०२०चा गेम, पाताळाच्या देवाचा मुलगा झॅग्रिअस घरातून पळून जायला बघतो आणि प्रत्येक वेळी मरून घरीच परत येतो. परत आला की घरातली माणसं त्याच्याशी नवं काहीतरी बोलतात, म्हणून मरण्याचीही उत्सुकता वाटते. यातला ‘गॉड मोड’ सुरुवातीला २० टक्के मार कमी करतो आणि दर मरणाला आणखी २ टक्के, असं ८० टक्क्यांपर्यंत. इतकी समंजस सोय मी फार थोड्या गेममध्ये पाहिली आहे.

लांबचा गेम

आता ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन यांनी चारेक वर्षं एकट्याने खपून २०१६मध्ये आणला. आजोबांची पडीक शेती तुमच्या नावावर होते, बाकी तुम्ही ठरवायचं. तीन गोष्टी आधी माहीत असाव्यात. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असतो आणि ऋतू बदलला की बहुतेक उभं पीक सुकतं, म्हणून पेरण्याआधी उरलेले दिवस मोजा. लॅपटॉपवर गेम झोपल्यावरच सेव्ह होतो, तेव्हा दिवसाच्या मध्येच बंद करू नका. आणि मासेमारी नवख्यांना रडवते. गेममधल्या विली कोळ्याच्या दुकानात २५ नाण्यांना ट्रेनिंग रॉड, म्हणजे शिकाऊंसाठीचा गळ, मिळतो, तो घ्या. पहिलं वर्षभर नेटवरचे तक्ते उघडू नका. नफ्याचा हिशोब सुरू झाला की गावातली माणसं दिसेनाशी होतात, आणि हा गेम त्या माणसांचा आहे.

घरात जोडीला कुणी असेल तर ‘पोर्टल २’मध्ये दोघांसाठी वेगळी खेळी आहे, आणि २०२१चा ‘इट टेक्स टू’ तर एकट्याने खेळताच येत नाही. त्यात दोघांपैकी एकाचाच हात बसलेला असेल तरी चालतं, फक्त अनुभवी माणसाने दुसऱ्याच्या हातातून कंट्रोलर घ्यायचा नाही.

आपलं मत आपणच

गेम संपल्यावर लगेच गुण आणि समीक्षा वाचू नका. आधी वहीत चार ओळी लिहा: कुठे थांबावंसं वाटलं नाही, कुठे कंटाळा आला, आणि हात नक्की काय करत होते. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. ‘गोष्ट छान होती’ हे कादंबरीबद्दलही म्हणता येतं. ‘सेलेस्ट’मध्ये भीतीबद्दलची गोष्ट आणि अंगठ्यांची घालमेल एकाच वेळी चालू असते, ते पकडता आलं तर ते गेमबद्दलचं मत. अर्धवट सोडलेल्या गेमबद्दलही लिहा, कुठे सोडला आणि का. सोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

इथवर आलात की ‘आउटर वाइल्ड्स’ घ्या, २०१९चा. एक छोटीशी सूर्यमाला, एक लाकडी अंतराळयान आणि दर २२ मिनिटांनी पुन्हा सुरुवात. यात हाताला बळ मिळत नाही, शस्त्रं मिळत नाहीत, मिळते ती फक्त माहिती. त्यामुळे याच्याबद्दल कुठेही काही वाचू नका, ट्रेलरही बघू नका. यानातली नोंदवही दर फेरीनंतर उघडा, जिथे ‘इथे अजून काहीतरी आहे’ असं दिसेल तिकडे यान वळवा.